नागपुरात 'लीलावती' शिकलेला मुलगा पुढे काशीत गणिताचा प्राध्यापक झाला

कोराडीतल्या एखाद्या सहावीच्या पोराला हे गणित घालून बघा: ८ + ४ = □ + ५. चौकटीत काय येईल?

बरीच मुलं पटकन १२ म्हणतात. काही जण सगळेच आकडे मिळवून १७ सांगतात. बरोबर उत्तर आहे ७. अमेरिकेत १९९९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांना हेच गणित दिलं होतं, आणि सगळ्यांची उत्तरं १२ किंवा १७ अशीच आली.

कारण साधं आहे. पहिलीपासून मुलं बरोबरच्या चिन्हाचा अर्थ 'आता उत्तर लिहा' असा घेतात. पण ते चिन्ह सांगतं की डावीकडे जेवढं आहे तेवढंच उजवीकडेही आहे. हे कळलं नाही की सातवी-आठवीत बीजगणित डोक्यावरून जातं.

कोराडीपासून जवळच, नागपुरात, पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एक मुलगा बीजगणित शिकला ते या चिन्हाशिवाय. त्याचं नाव बापूदेव शास्त्री.

बापूदेवांचा जन्म १८२१ चा, पुण्यातला. मूळ नाव नृसिंह. शिक्षण मात्र नागपूरच्या मराठी शाळेत झालं. तेव्हा नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं. तिथेच धुंडिराज मिश्र नावाच्या पंडितांकडे त्यांनी भास्कराचार्यांची 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे ग्रंथ अभ्यासले.

दोन उभ्या रेषांचं बरोबरचं चिन्ह नव्हे, तर दोन आडव्या समांतर रेषांचं आजचं चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने छापलं. भास्कराचार्य त्याच्या चारशे वर्षं आधीचे. त्यांच्या पद्धतीत समीकरणाच्या दोन बाजूंना 'पक्ष' म्हणत आणि त्या एकाखाली एक मांडत. अज्ञात संख्येसाठी 'या', म्हणजे यावत्तावत्. ज्ञात संख्येसाठी 'रू', म्हणजे रूप.

समजा वरच्या ओळीत 'या ५ रू ३' आहे आणि खालच्या ओळीत 'या २ रू १८'. दोन्हींतून 'या २' काढा, मग दोन्हींतून 'रू ३' काढा. वर उरतं 'या ३', खाली 'रू १५'. म्हणजे एक 'या' ५ चा. इथे 'उत्तर लिहा' असं सांगणारी खूणच नाही. दोन्ही पक्ष समान आहेत हे धरूनच सुरुवात होते आणि जे एकाला करायचं ते दुसऱ्यालाही करावं लागतं.

ही हुशारी भोपाळचे पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन यांच्या नजरेत भरली. १८३८ च्या सुमारास ते बापूदेवांना सीहोरला घेऊन गेले. तिथे त्यांचा सिद्धान्त-ज्योतिष आणि युक्लिडच्या भूमितीचा अभ्यास झाला. १८४२ मध्ये, वयाच्या विशीत, ते काशीच्या संस्कृत कॉलेजात शिकवायला लागले.

कॉलेजात एकीकडे संस्कृत पंडित होते, दुसरीकडे युरोपीय गणित. बापूदेवांनी दोन्हींत काम केलं. १८५० च्या सुमारास त्यांनी हिंदीत बीजगणिताचं पुस्तक लिहिलं, त्यासाठी सरकारने बक्षीस आणि शाल दिली. 'सूर्यसिद्धान्ता'चा त्यांचा इंग्रजी अनुवाद १८६१ मध्ये निघाला.

१८५८ मध्ये त्यांनी मोठा दावा केला. ग्रहाची त्या क्षणाची गती काढताना भास्कराचार्यांनी कलनशास्त्राचं तत्त्व वापरलं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. दोनच वर्षांत इंग्रज गणितज्ञ विल्यम स्पॉटिसवुड यांनी उत्तर दिलं: साम्य आहे, पण ते पूर्ण कलनशास्त्र म्हणता येणार नाही. वाद पुन्हा तोच होता, दोन बाजू खरंच समान आहेत का? पण त्या वादामुळे भास्कराचार्यांचं गणित युरोपातल्या अभ्यासकांच्या टेबलावर गेलं.

१८७८ मध्ये त्यांना सीआयई हा किताब मिळाला, १८८७ मध्ये महामहोपाध्याय ही पदवी. १८८९ ला ते निवृत्त झाले. त्यांची जागा सुधाकर द्विवेदींनी घेतली, तेही पुढे मोठे गणितज्ञ म्हणून ओळखले गेले.

आज कोराडीतल्या वर्गात फळ्यावर बरोबरचं चिन्ह असतंच. मुलाने चौकटीत १२ लिहिलं तर त्याला ओरडण्याआधी दोन्ही बाजू एकाखाली एक मांडून दाखवा. वर ८ आणि ४, खाली चौकट आणि ५. दोन्ही ओळी सारख्या व्हायला खाली किती हवेत, एवढंच विचारा.