जॉर्ज बूल : कोऱ्या उत्तराचे गणित

रुग्णालयाच्या संगणकावर रुग्णाच्या औषध-ॲलर्जीची नोंद शोधली आणि पडद्यावर काहीच आले नाही, म्हणून ॲलर्जी नाहीच असे समजणे जिवावर बेतू शकते. विचारलेल्या अटींत बसणारी नोंद सापडली नाही, एवढाच त्या कोऱ्या उत्तराचा अर्थ. अशा शोधामागचे तर्काचे गणित १९व्या शतकात जॉर्ज बूल यांनी मांडले.

बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन शहरात झाला. वडील पादत्राणे बनवणारे कारागीर; पण त्यांना दुर्बिणी तयार करण्याचा भारी नाद. धंदा बुडाला आणि १६व्या वर्षी जॉर्जवर घर चालवण्याची वेळ आली. ते शाळेत साहाय्यक शिक्षक झाले आणि १९व्या वर्षी त्यांनी स्वतःची शाळा काढली. विद्यापीठाची पायरी न चढता ते उच्च गणित शिकले. १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना पदक दिले, तर १८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात ते गणिताचे पहिले प्राध्यापक झाले. १८५५ मध्ये त्यांचा विवाह मेरी एव्हरेस्ट यांच्याशी झाला. ज्यांचे नाव सर्वोच्च शिखराला मिळाले, ते भारताचे महासर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट हे मेरी यांचे काका.

१८५४ च्या ग्रंथात बूल यांनी विचारांना बीजगणिताचे रूप दिले. अक्षर म्हणजे एक गट, १ म्हणजे सर्व वस्तू आणि ० म्हणजे काहीच नाही. दोन गटांचा गुणाकार केला की दोन्हींत असणाऱ्या वस्तू उरतात. ताप असलेले आणि त्याच क्षणी ताप नसलेले रुग्ण मागितले, तर उत्तर ०. रुग्ण कितीही असोत, इथे दोष प्रश्नातच आहे. बोलण्यातला ‘आणि’ अनेकदा बेरजेचा असतो, हेही त्यांनी दाखवले. मेडिसिन आणि सर्जरीचे रुग्ण सांगा, असे म्हणताना दोन्ही याद्या हव्या असतात. संगणकाला मात्र तिथे ‘किंवा’ सांगावे लागते, नाहीतर एकाच वेळी दोन्ही विभागांत असलेला रुग्ण शोधला जातो आणि यादी कोरी येते.

नोव्हेंबर १८६४ मध्ये बूल भर पावसात सुमारे ३ मैल चालत कॉलेजात गेले आणि ओल्या कपड्यांतच त्यांनी व्याख्यान दिले. त्यानंतर ते तापाने आजारी पडले. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात फुप्फुसांचा विकार बळावला आणि ८ डिसेंबरला, वयाच्या ४९व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मागे पत्नी आणि पाच मुली होत्या.

१९३७ मध्ये क्लॉड शॅनन यांनी बूल यांचे बीजगणित विजेच्या स्विचना लागू केले. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी तक्त्यांच्या रूपातील डेटाबेसची मांडणी केली. आज जँगो किंवा लाराव्हेलसारख्या चौकटीत बनवलेले वेब अ‍ॅप्लिकेशन डेटाबेसला प्रश्न विचारते, तेव्हा अटींची जुळणी बूल यांच्याच तर्काने होते.

म्हणूनच उत्तर कोरे आले, तर आधी चौकटीने प्रत्यक्षात कोणता प्रश्न तयार केला ते पाहावे. सगळ्या अटी काढून नोंदी मोजाव्यात. तेव्हाही शून्यच आले, तर अ‍ॅप्लिकेशन चाचणीच्या रिकाम्या डेटाबेसला तर जोडलेले नाही ना, हे तपासावे. नोंदी असतील तर एकेक अट परत घालावी. ज्या अटीला आकडा शून्यावर येतो, तिथे शोध घ्यावा. नावापुढची न दिसणारी मोकळी जागा किंवा दिवस-महिन्याची अदलाबदल एवढे कारणही पुरते.

कोरा रकाना हे आणखी एक कारण. तो ‘हो’ही नसतो, ‘नाही’ही नसतो. बूल यांच्या दोन मूल्यांत न बसणारी ही तिसरी स्थिती डेटाबेसमध्ये ‘नल’ म्हणून ओळखली जाते. ‘बरोबर’ किंवा ‘बरोबर नाही’ या दोन्ही तुलनांत असा रकाना गळतो. तो कोरा आहे का, हे वेगळे विचारावे लागते. त्यामुळे ॲलर्जीच्या रकान्यात ‘विचारले, नाही’ आणि ‘विचारलेच नाही’ या दोन नोंदी वेगळ्या ठेवायला हव्यात. इंजेक्शन भरण्याआधी परिचारिकेला कळायला हवे, ते नेमके हेच.