सर्पगंधेचे वकीलपत्र

बारामतीजवळच्या सांगवीतील शेतकरी असो वा मुंबईतील कारकून, रक्तदाब वाढल्याचे निदान झाले की त्याच्या हाती आज जी गोळी पडते, ती बहुधा शरीरातील एखाद्या नेमक्या एन्झाइमचे किंवा प्रथिनाचे काम रोखणारी असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असे काही नव्हते. विश्रांती, अळणी आहार, गुंगीची औषधे आणि फारच झाले तर मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया, एवढाच डॉक्टरांचा भाता होता. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांच्या रक्तदाबावरही नाव घेण्याजोगे औषध कोणापाशी नव्हते.

त्याच काळात मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील हे तरुण पारशी हृदयरोगतज्ज्ञ आपल्या रुग्णांना सर्पगंधेची मुळी देऊन पाहत होते. १९११ साली जन्मलेल्या आणि लंडनमध्ये शिकून के. ई. एम. रुग्णालयात काम करणाऱ्या या डॉक्टरने मुळ्यांच्या वाटेला जावे, याचे अनेकांना नवल वाटले असल्यास नवल नाही. सर्पदंश, निद्रानाश, उन्माद यांवर ती मुळी देशी वैद्यकात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. बिहारकडे तर ती वेड्यांचे औषध म्हणूनच ओळखली जाई. तिचा रक्तदाब उतरविण्याचा गुण कलकत्त्याच्या सेन व बोस यांनी १९३१ मध्येच नोंदविला होता. तेव्हा मूळ शोध डॉ. वकील यांचा नव्हे. त्यांचे श्रेय निराळे आहे आणि ते तसूभरही उणे नाही. पन्नास रुग्ण निवडून, औषधापूर्वीचा, औषध चालू असतानाचा आणि ते थांबविल्यानंतरचा रक्तदाब मोजून त्यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आपला पुरावा मांडला. वैद्याच्या बटव्यातील मुळीला तेथे प्रथमच जगाने कान दिला. बोस्टनमध्ये डॉ. विल्किन्स यांनी तिच्या चाचण्या घेतल्या. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपीन हे द्रव्य वेगळे काढले. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले, पुढच्याच वर्षी पद्मभूषण.

रेसरपीन नेमके काय करते, हे मात्र मागाहून उलगडत गेले. मज्जातंतूंच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांच्या आवरणातील एक प्रथिन पंपासारखे काम करून नॉरॲड्रेनलीन हे द्रव्य आत भरते, आणि वेळ येताच ते बाहेर पडून रक्तवाहिन्या आवळते. रेसरपीन हा पंपच बंद पाडते. बाहेर राहिलेल्या द्रव्याचे एन्झाइम तुकडे करतात, साठा आटतो, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. पण तोच पंप मेंदूतही डोपामिन आणि सेरोटोनिन साठवीत असतो! म्हणून मोठ्या मात्रेत काही रुग्णांना सुस्ती, कंपवातासारखा ताठरपणा, क्वचित गंभीर खिन्नता येई. रक्तदाब उतरला, पण माणूस मनाने खचला, हा सौदा डॉक्टरांना फार काळ मानवणे शक्यच नव्हते. आपल्याकडे ‘अडेल्फेन’ या गोळीतून रेसरपीन घराघरांत पोचले होते. तेही नव्या औषधांपुढे मागे पडले.

परंतु अपायातूनही विद्या वाढली. रेसरपीनने निश्चेष्ट झालेले ससे डोपामिनचे पूर्वद्रव्य देताच हालचाल करू लागतात, असे स्वीडनच्या कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखविले आणि कंपवाताच्या उपचाराची वाट सापडली. तोच पंप अधिक नेमकेपणाने अडविणारी टेट्राबेनाझीनसारखी औषधे आज अंगाच्या अनावर हालचालींवर दिली जातात.

सप्टेंबर १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी रेसरपीन आणि स्त्रियांमधील स्तनाचा कर्करोग यांचा संबंध असावा, असा संशय प्रसिद्ध केला. पुढील अभ्यासांत तो टिकला नाही. पण औषधाच्या नावाला लागलेला डाग सहज निघाला नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात डॉ. वकील निवर्तले. आपले अशील संशयातून सुटलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.