पियानो सोडून मातीतल्या बॅक्टेरियांमागे लागला आणि फिश टँकच्या सम्पचं कोडं सुटलं

हौसेनं नवा फिश टँक आणला. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. दोन-चार गोल्डफिश सोडले आणि आठ-दहा दिवसांत एकेक मासा मरायला लागला. दुकानात विचारलं तर उत्तर मिळतं की टँक सायकल केला नव्हता.

आता ही सायकल काय भानगड आहे?

तर मासे कल्ल्यांमधून अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशांसाठी विष असतो. हे विष संपवण्यासाठी मोठ्या टँकच्या खाली, कॅबिनेटमध्ये दुसरा टँक ठेवतात. त्याला म्हणतात सम्प. पण खरं काम सम्प करत नाही, त्यात राहणारे बॅक्टेरिया करतात.

हे बॅक्टेरिया शोधून काढणाऱ्या माणसाचं नाव सर्गेई विनोग्राद्स्की.

१८५६ साली कीव्हमध्ये, एका श्रीमंत घरात त्याचा जन्म झाला. आधी कायद्याच्या अभ्यासाला बसला, तिथं मन रमलं नाही. मग विज्ञानाकडे वळला, तेही सोडलं. त्यानंतर सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात जाऊन लेशेटिट्स्की या नावाजलेल्या गुरूकडे पियानो शिकायला लागला. तिथूनही बाहेर पडला आणि १८७७ मध्ये पुन्हा विज्ञानाच्या वर्गात येऊन बसला. यावेळी मात्र टिकला.

योगायोग बघा, त्याच १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युन्झ या दोघांनी एक प्रयोग केला. वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून त्यांनी सांडपाणी हळूहळू सोडलं. वीस दिवस काहीच झालं नाही, अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. त्यानंतर अमोनियाच्या जागी नायट्रेट यायला लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली की काम बंद पडायचं. म्हणजे हे काम नुसत्या रसायनाचं नव्हतं, कुणीतरी जिवंत ते करत होतं.

नीट पाहिलं तर ती नळी म्हणजे आजचा बायोफिल्टरच. आणि ते वीस दिवस म्हणजे टँकची सायकल.

पण ते जिवंत कोण, हे कुणालाच सापडत नव्हतं. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडचा रॉबर्ट वॉरिंग्टन वर्षानुवर्षं यामागे होता. हे काम दोन टप्प्यांत होतं आणि दोन वेगवेगळे जीव ते करतात, इथपर्यंत तो पोचला. पण ते जीव वेगळे काढणं त्याला जमलं नाही. विशेष म्हणजे याच वॉरिंग्टनच्या वडिलांनी १८५० च्या आसपास लंडनमध्ये गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून ॲक्वेरियमचा समतोल कसा राखायचा हे दाखवलं होतं. त्यांचं नावही रॉबर्टच. बापानं टँक मांडला आणि मुलगा त्या टँकमधल्या अदृश्य कामगारांच्या शोधात निघाला.

विनोग्राद्स्की तोवर जर्मनांच्या ताब्यातल्या स्ट्रासबर्गमध्ये पोचला होता. तिथं गंधकाच्या झऱ्यांमध्ये वाढणाऱ्या बॅक्टेरियांवर काम करताना त्याच्या लक्षात आलं की काही जीव चक्क हायड्रोजन सल्फाइडसारख्या रसायनातून ऊर्जा मिळवतात. तोवर असं काही असेल याचा कुणाला पत्ता नव्हता.

१८८८ मध्ये त्याचे गुरू डी बारी वारले आणि तो झुरिकला गेला. तिथं त्यानं अमोनियाचं कोडं हातात घेतलं.

बाकीचे कुठं चुकत होते? तेव्हा बॅक्टेरिया वाढवायचे म्हणजे त्यांना जिलेटिनसारखं पौष्टिक खाद्य द्यायचं, अशी पद्धत होती. त्यावर भलतेच बॅक्टेरिया वाढायचे आणि हवे ते मागे पडायचे. विनोग्राद्स्कीनं उलटं केलं. त्यानं खाद्य काढून घेतलं. नुसते क्षार, अमोनिया आणि हवा एवढ्यावर जो जगेल तोच आपला, असा हिशोब ठेवला. पुढं घट्ट माध्यम हवं होतं तेव्हा जिलेटिनऐवजी सिलिका जेल वापरलं.

१८९० मध्ये त्याला यश आलं. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये पर्सी आणि ग्रेस फ्रँकलंड या दांपत्यानंही अमोनियापासून नायट्राइट करणारा जीव वेगळा काढला. पण विनोग्राद्स्की तिथं थांबला नाही. नायट्राइटचं नायट्रेट करणारा दुसरा गटही त्यानं शोधला. शिवाय हे जीव प्रकाशाशिवाय, कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीर बनवतात हेही दाखवून दिलं.

आता हे सगळं सम्पमध्ये कसं दिसतं बघा.

टँकचं पाणी ओव्हरफ्लोमधून खाली येतं. आधी स्पंज लागतो, कारण विष्ठा आणि गाळ तिथंच अडवला नाही तर पुढचे कप्पे तुंबतात. मग सिरॅमिक रिंग्ज किंवा बायोबॉल. त्यांच्यावर बॅक्टेरिया चिकटून राहतात, म्हणून पृष्ठभाग जितका जास्त तितकी वस्ती मोठी. त्यांना अंधार चालतो, पण ऑक्सिजन नसला तर काम थांबतं. शेवटच्या कप्प्यातला पंप पाणी परत वर ढकलतो. लाईट गेली की वरचं थोडं पाणी खाली उतरतं, म्हणून सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी ठेवावी लागते.

हे बॅक्टेरिया हळू वाढतात, त्यामुळं सायकल पूर्ण व्हायला साधारण तीन ते सहा आठवडे जातात. रिंग्ज नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्यानं धुतल्या तर वस्ती मरते. टँकमधूनच काढलेल्या पाण्यात त्या हलक्या हातानं खळबळायच्या. आणि शेवटी उरलेलं नायट्रेट कमी विषारी असलं तरी साचत जातं, म्हणून अधूनमधून थोडं पाणी बदलणं काही चुकत नाही.

इकडं विनोग्राद्स्की १८९१ मध्ये सेंट पीटर्सबर्गला परतला. तिथल्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत त्यानं हवेतला नायट्रोजन पकडणारा बॅक्टेरिया शोधला. १९०५ मध्ये निवृत्त होऊन युक्रेनमधल्या आपल्या जमिनीवर राहायला गेला. प्रयोगशाळा सुटली. मग १९१७ ची क्रांती झाली, जमीन आणि देश दोन्ही सुटलं. साठी ओलांडलेला हा माणूस निर्वासित होऊन बेलग्रेडला शिकवायला लागला.

त्याचं काम संपलं असं कुणालाही वाटलं असतं. पण १९२२ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एमिल रू यांनी त्याला बोलावून घेतलं. पॅरिसजवळच्या ब्री-कोंत-रोबेर गावात त्याला प्रयोगशाळा मिळाली आणि त्यानं दुसरी इनिंग सुरू केली. मुलगी हेलेनही याच बॅक्टेरियांवर संशोधन करायला लागली. १९४९ मध्ये, नव्वदी पार केल्यावर, त्याचा मातीतल्या सूक्ष्मजीवांवरचा मोठा ग्रंथ आला. १९५३ साली वयाच्या ९६ व्या वर्षी त्याच गावात तो गेला. नायट्रोबॅक्टर विनोग्राद्स्की या बॅक्टेरियाच्या नावात तो आजही आहे.

गोष्ट अजून संपलेली नाही. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांना दोन्ही टप्पे एकट्यानं पार पाडणारे बॅक्टेरिया सापडले. त्यातले काही कुठून मिळाले माहितीये? मत्स्यपालनाच्या एका फिल्टरमधून.

त्यामुळं नवा टँक आणला की मासे सोडायची घाई करू नका. आधी या कामगारांना सम्पमध्ये घर करू द्या, मग वरच्या पाहुण्यांना बोलवा.