दुष्काळात देश सोडलेल्या पणजोबांचं घर शोधायला केनेडी गाडी घेऊन निघाले होते…

गोष्ट १९४७ सालची. आयर्लंडमधल्या लिस्मोर किल्ल्यातून एक गाडी बाहेर पडली. गाडीत होते तीस वर्षांचे जॉन एफ. केनेडी. अमेरिकेत नुकतेच खासदार झालेले, अंगाने काडीपैलवान. किल्ला त्यांच्या बहिणीच्या, कॅथलीनच्या सासरचा. तिथं बड्या पाहुण्यांचा राबता, पण केनेडींच्या डोक्यात वेगळंच होतं. शंभर एक वर्षांपूर्वी पणजोबा ज्या घरातून निघाले, ते घर त्यांना बघायचं होतं.

सोबत होती चर्चिल यांची एकेकाळची सून पामेला. विचारत विचारत दोघं न्यू रॉस गावाजवळच्या डंगन्सटाउनला पोचले. साधं शेतकऱ्याचं घर. नात्यातली माणसं अजून तिथंच राहत होती. चहा झाला, गप्पा झाल्या. परतीच्या वाटेवर पामेलाने त्या घराच्या गरिबीची थट्टा केली आणि केनेडी चिडले. किल्ल्यावर आल्यावर बहिणीनं काय विचारावं, तर तिथं बाथरूम तरी होतं का!

आता हे पणजोबा कोण?

१८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबाचं पोट बटाट्यावरच चालायचं. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. त्याच लोंढ्यात पॅट्रिक केनेडी बोस्टनला आला. काम मिळालं लाकडी पिंपं बनवायचं. १८४९ मध्ये त्याने आपल्याच भागातून आलेल्या ब्रिजेट मर्फीशी लग्न केलं. ९ वर्षांनी, २२ नोव्हेंबर १८५८ ला तो वारला. शेंडेफळ पॅट्रिक जोसेफ तेव्हा दहा महिन्यांचा होता.

खरं सांगायचं तर केनेडी घराणं उभं केलं ते या ब्रिजेटने. पदरात चार लेकरं. तिने मोलमजुरी केली, मग छोटं दुकान टाकलं. पोरगा शाळा सोडून गोदीत हमाली करू लागला, पुढे त्याने दारूचा गुत्ता घेतला. गुत्त्यात ओळखी वाढल्या, ओळखीतून मतं मिळाली आणि गडी आमदार झाला. त्याचा मुलगा जोसेफ हार्वर्डला शिकला. हेच केनेडींचे वडील.

आईकडची गोष्टही तिथलीच. फिट्झजेराल्ड मंडळी लिमरिक परगण्यातल्या ब्रफ गावची. आईचे वडील जॉन फिट्झजेराल्ड, म्हणजे बोस्टनचे लाडके हनी फिट्झ. वडील वारले म्हणून डॉक्टरीचं शिक्षण सोडून त्यांनी भावंडांना सांभाळलं. भाषण ठोकायचे, गाणी म्हणायचे, पुढे बोस्टनचे महापौर झाले.

दोन्हीकडचे मिळून केनेडींचे आठ पणजोबा-पणज्या. आठही जणांचा जन्म आयर्लंडचा!

हनी फिट्झ खासदार असताना एक कायदा येऊ घातला होता. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना अमेरिकेत घ्यायचं नाही, असा. त्याचे पुढारी होते बोस्टनच्या जुन्या खानदानातले हेन्री कॅबट लॉज. फिट्झ यांनी विरोध केला आणि १८९७ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी तो कायदा अडवला. पण १९१६ च्या सिनेट निवडणुकीत याच लॉज यांनी फिट्झ यांना हरवलं. वचपा निघाला १९५२ मध्ये. नातू केनेडींनी लॉज यांच्या नातवाला पाडलं, तेही सिनेटच्याच जागेसाठी. आजोबा हे बघायला नव्हते, दोनच वर्षांपूर्वी गेले होते.

१९५८ मध्ये केनेडींनी स्थलांतरितांवर पुस्तक लिहिलं, १९६० मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. जून १९६३ मध्ये ते पुन्हा डंगन्सटाउनला गेले. मेरी रायन या नातेवाईक बाईंनी अंगणात चहा मांडला होता. न्यू रॉसच्या सभेत ते गमतीने म्हणाले की पणजोबा इथून गेले नसते तर मी आज समोरच्या कंपनीत कामाला असतो.

परत आल्यावर महिनाभरातच, २३ जुलैला, त्यांनी काँग्रेसपुढे प्रस्ताव ठेवला. तेव्हा कुठल्या देशातून किती माणसं घ्यायची याचा कोटा ठरलेला असायचा. उत्तर युरोपला भरभरून आणि भारताला वर्षाला फक्त १००. हा देशावर ठरलेला कोटाच काढून टाका, असं त्यांचं म्हणणं होतं.

कायदा बघणं त्यांच्या नशिबी नव्हतं. २२ नोव्हेंबरला डॅलसमध्ये त्यांची हत्या झाली. पणजोबा पॅट्रिक गेला तीच तारीख, बरोबर १०५ वर्षांनी.

३ ऑक्टोबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी त्या कायद्यावर सही केली. सिनेटमध्ये तो लावून धरला होता धाकट्या भावाने, एडवर्ड केनेडींनी. त्यानंतर जी भारतीय डॉक्टर-इंजिनिअर मंडळी अमेरिकेला गेली, त्यात पुण्या-मुंबईचे मराठी लोकही होते. १९८१ मध्ये तिथल्या मराठी मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं. त्यांची नातवंडं आता सुट्टीत आजोबांचं गाव बघायला इकडे येतात.