नाट्याचार्य गोविंद बल्लाळ देवल

गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या वरच्या वर्गातील मुलांनी ‘संशयकल्लोळ’ नाटकातील एक प्रवेश करून दाखविला. तालमीच्या वेळी दाराशी उभा राहून पाहणाऱ्या एका लहान विद्यार्थ्याने मजला विचारले की, हा फाल्गुनराव खरोखर कोणी होऊन गेला काय? मी सांगितले की नाही, तो देवलांच्या डोक्यातून निघाला. मुलगा समाधान पावून निघून गेला. परंतु सायंकाळी चंडिकेच्या डोंगराखालून घरी परतत असता मला वाटू लागले की आपण दिलेले उत्तर अर्धेच खरे होते. फाल्गुनरावाला मराठी देह देवलांनी दिला यात शंका नाही. पण त्याचा पहिला जन्म पॅरिस शहरी, इ. स. १६६० मध्ये झालेला आहे. तेव्हा त्या मुलाचे राहिलेले उत्तर येथे पुरे करितो.

फ्रान्स देशात मोलिएर नावाचा नाटककार होऊन गेला. तो स्वतः नट होता व नाटकमंडळीचा मालकही होता. पॅरिसमध्ये त्याची मंडळी काही काळ इटालियन नटांच्या मंडळीबरोबर एकाच रंगमंदिरात पाळीपाळीने खेळ करीत असे, आणि त्या इटालियनांचा हजरजबाबी विनोद त्याने जवळून पाहिला होता. प्राचीन रोमचा विनोदी नाटककार प्लॉटस याचाही तो ऋणी होता. त्याचे कृपणावरील प्रसिद्ध नाटक प्लॉटसच्याच नाटकावरून घेतलेले आहे. १६६० साली त्याने एका संशयी नवऱ्याचे प्रहसन रंगभूमीवर आणिले व त्या नवऱ्याचे सोंग स्वतःच घेतले. वाटेत एक तरुणी मूर्च्छित पडते, हा गृहस्थ तिला सावरतो, नेमके तेच त्याची बायको दुरून पाहते. तरुणीच्या हातून पडलेली प्रियकराची तसबीर त्या बायकोच्या हाती लागते, आणि ती न्याहाळताना नवरा तिला पाहतो. एवढ्याशा ठिणगीने दोन घरे पेटतात. पुढे शंभर वर्षांनी, १७६१ मध्ये, आर्थर मर्फी नावाच्या लेखकाने या प्रहसनाचा विस्तार करून लंडनच्या रंगभूमीसाठी पाच अंकी इंग्रजी नाटक रचिले. ते देवलांच्या हाती पडले, आणि १८९३ साली फाल्गुनराव मराठीत अवतरला.

ज्यांनी त्यास आणिले ते गोविंद बल्लाळ देवल १३ नोव्हेंबर १८५५ रोजी जन्मले. सांगलीजवळ कृष्णा व वारणा या नद्यांच्या संगमावर हरिपूर नावाचे गाव आहे, तेथे त्यांचे बालपण गेले. या गावापासून हाकेच्या अंतरावर, त्यांच्या जन्मापूर्वी अवघी बारा वर्षे, म्हणजे १८४३ मध्ये, विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला होता. मराठी रंगभूमीचा आरंभ सामान्यतः तेथून मानितात. त्या नाटकांत सूत्रधाराने पदे म्हणावी, देवदैत्यांनी रंगून आरडाओरड करावी, आणि भाषणे बहुतेक आयत्या वेळी सुचतील तशी बोलावी, अशी रीत असे.

शिक्षणासाठी देवल बेळगावास गेले. तेथे बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर हे शिक्षक होते. शिष्याचे भाग्य कोठे उघडेल याचा नेम नसतो! १८७९ मध्ये देवल मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले व बेळगावीच शाळेत शिक्षक झाले. पुढल्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, अण्णासाहेबांनी पुण्यास ‘शाकुंतल’ संगीत नाटकाचा प्रयोग करून मराठी रंगभूमीचे रूपच पालटले. देवलांनी शाळा सोडून गुरूच्या मंडळीची वाट धरिली.

आजच्या पालकांस या गोष्टीचे विशेष वाटणार नाही. परंतु त्या काळी मॅट्रिक झालेल्या तरुणास सरकारी नोकरी सहज मिळत असे, आणि नाटक्या हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. चांगल्या घरात नटाला पंगतीस घेण्याचीही अडचण. हा दोष आपल्याच समाजाचा होता असे मात्र कोणी समजू नये. ख्रिस्ती युरोपात मध्ययुगीन नाटकाचा उगम प्रत्यक्ष चर्चमध्ये, ईस्टरच्या उपासनेतील छोट्या संवादांतून झाला. तरीही त्याच चर्चने पुढे नटास दूर लोटले. १६७३ मध्ये मोलिएर आपल्याच नाटकाचा प्रयोग करीत असता अत्यवस्थ झाला व त्याच रात्री वारला. त्यास विधिपूर्वक मूठमाती मिळू नये अशी धर्माधिकाऱ्यांची इच्छा होती. राजाने मध्ये पडून परवानगी मिळवून दिली, तीही रात्री, गाजावाजा न करता पुरण्याची. देवल यांनी मास्तरकी सोडताना किती जणांचे बोल ऐकिले असतील याची कल्पना यावरून करावी.

१८८५ मध्ये अण्णासाहेब अकाली निवर्तले. पुढल्याच वर्षी देवलांचे पहिले नाटक ‘दुर्गा’ प्रसिद्ध झाले. तेही मूळचे इंग्रजी. टॉमस सदर्न याच्या १६९४ सालच्या शोकनाट्याचे गॅरिक या विख्यात नटाने जे रूपांतर केले होते, त्यावर ते आधारलेले आहे. १८९० मध्ये त्यांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ रचिले, आणि गणपतराव जोशी यांनी त्यातील मुख्य भूमिका गाजविली. रूपांतर म्हणजे उसनवारी, असे म्हणून पुष्कळ लोक नाक मुरडतात. आमच्या जूचंद्रात रांगोळी काढणारे हात उदंड आहेत; त्यांस विचारावे. दुसऱ्याचा नमुना पुढे ठेवून रांगोळी काढणे सोपे, असे ज्याने कधी चिमटीत रांगोळी धरिली नाही तोच म्हणेल. शेक्सपिअरनेही ‘ऑथेल्लो’ची कथा एका इटालियन गोष्टीवरूनच घेतली होती.

देवलांचा हात कसा चाले हे फाल्गुनरावाच्या नाटकातच चांगले दिसते. मूळ नाटकातील कुलीन तरुणी एकटी रस्त्याने हिंडते व आपल्या प्रियकरास भेटते. १८९३ च्या मराठी प्रेक्षकाला हे दाखविले असते तर त्याने ते नाटक तेथेच अशक्य ठरविले असते, कारण घरंदाज अविवाहित तरुणी अशी बाहेर पडत नसे. किंबहुना त्या वयाची अविवाहित मुलगी घरात असतच नसे! देवलांनी तिला नायकिणीची मुलगी केले. तेवढ्या एका पालटाने सारे सुरळीत झाले. शिवाय तिच्या निष्ठेवर अश्विनशेठाने संशय घ्यावा याला समाजातीलच कारण मिळाले, आणि नुसत्या हास्याच्या गोष्टीत रेवतीचे खरे दुःख येऊन बसले. नावांची गंमत तर मुलांनी अवश्य पाहावी. फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या हे पुरुष महिन्यांवरून. कृत्तिका, रेवती, मघा या स्त्रिया नक्षत्रांवरून. पंचांगच घेऊन बसल्यासारखे वाटते.

इंग्रजीकडून घेतले तसेच त्यांनी संस्कृताकडूनही घेतले. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ १८८७ मध्ये, कालिदासाचे ‘विक्रमोर्वशीय’ १८८९ मध्ये, आणि बाणाच्या ‘कादंबरी’वरून ‘शापसंभ्रम’ १८९३ मध्ये. यांपैकी ‘मृच्छकटिक’ त्यापूर्वीच युरोपात पोहोचले होते. त्याचे फ्रेंच रूपांतर १८५० साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आले होते. म्हणजे पॅरिसचा संशयी नवरा महाराष्ट्रात आला, त्यापूर्वीच उज्जयिनीची वसंतसेना पॅरिसला जाऊन आली होती.

देवल हे शेवटपर्यंत मास्तरच राहिले, मात्र त्यांचा वर्ग भरे तो तालमीच्या दालनात. कोणत्या शब्दावर थांबावे, पद म्हणताना त्यातील अर्थ सुरांखाली गाडला जाऊ नये म्हणून काय करावे, ऐकणाऱ्या पात्राने स्वस्थ कसे उभे राहावे, हे ते नटांकडून घोटून घेत. १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत नारायण श्रीपाद राजहंस हा तरुण दाखल झाला. पुढे बालगंधर्व म्हणून ज्याने महाराष्ट्राला वेड लाविले त्याच्या आरंभीच्या भूमिकांना देवलांच्याच तालमीचे वळण लागले. गणपतराव बोडसही त्यांच्याच हाताखालचे.

सात नाटकांपैकी सहा अशी दुसऱ्यांच्या बीजावर वाढविलेली. सातव्यासाठी मात्र त्यांनी ना लंडनकडे पाहिले, ना उज्जयिनीकडे. ते ‘शारदा’ होय. त्याचा पहिला प्रयोग १८९९ मध्ये किर्लोस्कर मंडळीने इंदुरास केला.

भुजंगनाथ नावाचा धनाढ्य म्हातारा, पंचाहत्तरीला टेकलेला, पुन्हा बोहल्यावर चढू इच्छितो. भद्रेश्वर दीक्षित नावाचा मध्यस्थ त्याला वधू शोधून देतो, आणि कांचनभट नावाचा बाप पैशाच्या लोभाने आपली कोवळी मुलगी शारदा त्याला द्यावयास तयार होतो. आई इंदिराकाकू तळमळते. पण घरात तिच्या शब्दाला काय किंमत? या नाटकात राजा नाही, देव नाही, शापही नाही. देवघर, माजघर, नदीचा घाट, एवढ्यातच सारे घडते. मैत्रिणी म्हाताऱ्या नवऱ्याची थट्टा करीत गातात ते पद घरोघरी मुलींच्या तोंडी बसले. आणि त्या मुलींपैकी कित्येकींचे लग्न तसल्याच वराशी ठरलेले असेल हे मनात आले म्हणजे त्या थट्टेने अंगावर काटा येतो.

कोदंड नावाचा तरुण हे लग्न मोडतो. कसे मोडतो, ते नीट पाहण्यासारखे आहे. वर म्हातारा आहे म्हणून नव्हे, मुलगी विकली गेली म्हणूनही नव्हे; तर वधूवर सगोत्र आहेत एवढ्यासाठी विधी थांबतो. काही टीकाकारांस ही पळवाट वाटली. मला तसे वाटत नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वय दहाचे बारा केले, पण तो कायदा लग्नाला लागू नव्हता. म्हैसूर संस्थानाने १८९४ मध्ये पन्नाशीपुढील पुरुषाला चौदा वर्षांखालील मुलीशी लग्न करण्यास बंदी केली, पण इंग्रजी मुलखात तसा काहीच निर्बंध नव्हता. बापाने विकली, म्हाताऱ्याने घेतली, यात शास्त्राला व सरकारला काहीच वावगे दिसत नव्हते. गोत्र जुळले तेव्हा मात्र सारा मांडव हादरला. देवलांनी हे भाष्य न करता नुसते दाखविले. त्यानंतर ना विवाहित ना अविवाहित अशा स्थितीत सापडलेली शारदा जीव द्यावयास नदीवर जाते, आणि कोदंड तिला वाचवून तिचा स्वीकार करितो.

पुढे १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला व मुलीच्या लग्नाचे वय निदान चौदा ठरले. १९७८ मध्ये ते अठरा झाले. १९२९ च्या त्या कायद्यास लोक सारडा कायदा म्हणत. हे नाव नाटकातील शारदेवरून पडले अशी समजूत पुष्कळांची असते. ते खरे अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्यावरून पडले. परंतु ही चूक लोकांनी का केली असावी हे कळणे कठीण नाही.

आयुष्याच्या अखेरीस देवल पुन्हा फाल्गुनरावाकडे वळले. तेवीस वर्षांपूर्वीचे ते गद्य नाटक बालगंधर्व व बोडस यांच्या गंधर्व नाटक मंडळीसाठी त्यांनी पदे घालून नव्याने सिद्ध केले, आणि त्याला ‘संशयकल्लोळ’ हे नाव मिळाले. १४ जून १९१६ रोजी ते निवर्तले. त्याच वर्षी पुढे मंडळीने ते रंगभूमीवर आणिले. बालगंधर्व रेवती झाले, बोडस फाल्गुनराव झाले. तसबीर हातातून पडली, प्रेक्षागृह हसू लागले, आणि तालीम देणारे मास्तर तेवढे तेथे नव्हते.