सरकारनं आधी अर्ल केलं, मग गद्दार ठरवलं, मग सन्मान दिला आणि शेवटी परत गद्दार: आयर्लंडच्या ह्यू ओनीलची गोष्ट

३१ डिसेंबर १६०० या दिवशी राणी एलिझाबेथनं ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली हे आपण शाळेत शिकलो. पण त्याच सुमारास राणीचं डोकं भारतानं नाही, शेजारच्या आयर्लंडनं उठवलं होतं. तिथं तिच्या सरकारनं एका माणसाच्या डोक्यावर इनाम लावलं होतं. जिवंत आणला तर २००० पौंड, मेलेला आणला तर १००० पौंड.

तो माणूस म्हणजे ह्यू ओनील, टायरोनचा अर्ल. गंमत म्हणजे त्याला अर्ल कुणी केलं होतं? याच राणीनं.

भानगड समजून घ्यायची तर थोडं मागं जावं लागेल.

१५४१ साली डब्लिनच्या पार्लमेंटनं कायदा करून इंग्लंडचा आठवा हेन्री हाच आयर्लंडचा राजा असल्याचं जाहीर केलं. जाहीर करणं सोपं होतं. प्रत्यक्षात इंग्रजांचा हुकूम चालायचा तो डब्लिनच्या आसपासच्या पट्ट्यात. त्याला पेल म्हणायचे. बाकी देश आयरिश सरदारांच्या हातात, आणि उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात सगळ्यात मोठं घराणं ओनीलांचं.

मग इंग्रजांनी एक शक्कल काढली. सरदारानं आपली जमीन राजाला अर्पण करायची. राजा तीच जमीन सनद लिहून त्याला परत देणार, वर एक इंग्रजी किताब. जमीन तीच, माणूस तोच, फक्त आता ती राजाच्या मेहरबानीनं मिळालेली. ज्यानं दिली तो काढूनही घेऊ शकतो, ही मेख त्यात होती. ह्यूचे आजोबा कॉन ओनील १५४२ साली असेच टायरोनचे अर्ल झाले.

आणि इथंच घरात आग लागली. आयरिश रिवाजात बापामागं थोरला मुलगा बसेलच असं नव्हतं, भाऊबंदांतून कर्तबगार माणूस निवडला जायचा. इंग्रजी सनदेत मात्र वारसाचं नाव लिहावं लागायचं. कॉननं मॅथ्यूचं नाव लिहिलं. दुसरा मुलगा शेन खवळला. त्याचं म्हणणं होतं की मॅथ्यू आमच्या रक्ताचा नाहीच, तो डंडॉकच्या एका लोहाराचा पोरगा. १५५८ मध्ये मॅथ्यू मारला गेला. १५६२ मध्ये मॅथ्यूचा थोरला मुलगाही भाऊबंदकीत गेला. उरला धाकटा ह्यू, वय साधारण बारा.

इंग्रजांनी हे पोर उचललं आणि पेलमध्ये एका इंग्रज कुटुंबाकडं वाढायला ठेवलं. हिशोब सरळ होता. आपल्या भाषेत, आपल्या रीतीत वाढलेला पोरगा उद्या अल्स्टरमध्ये आपला माणूस म्हणून बसेल.

बरीच वर्षं हिशोब बरोबरही आला. दक्षिणेत डेझमंडच्या अर्लनं बंड केलं तेव्हा ह्यू इंग्रजांच्या बाजूनं लढला. १५८७ मध्ये त्याला अर्लपदाची सनद मिळाली. एकीकडं लंडनच्या दरबारात उठबस, दुसरीकडं गावाकडं आयरिश सरदाराचा थाट. दोन्ही भाषा, दोन्ही रिवाज पक्के. इंग्रजांना वाटायचं हा आपला, आयरिश लोकांना वाटायचं हा आपला.

१५९१ मध्ये त्यानं अजून एक उद्योग केला. अल्स्टरमधला इंग्रजांचा मोठा लष्करी अधिकारी सर हेन्री बॅगनल. त्याची वीसेक वर्षांची बहीण मेबल हिला चाळिशीतल्या ह्यूनं पळवून नेलं आणि लग्न केलं. लग्न लावलं ते चक्क एका प्रोटेस्टंट बिशपनं. बॅगनलनं ठरलेले १००० पौंड हुंड्याचे दिले नाहीत ते नाहीतच. मेबलच्या वाट्याला सुख आलं नाही, चारेक वर्षांतच ती वारली. पण मेहुण्या-मेहुण्यांचं हे वैर पुढं रणांगणावर फिटलं.

इंग्रज अधिकारी अल्स्टरमध्ये एकेक सरदार मोडून त्याच्या जमिनीचे तुकडे पाडत होते. आज ना उद्या आपला नंबर लागणार हे ह्यूला कळत होतं. तरी १५९३ मध्ये तो बॅगनलच्या बरोबरीनं बंडखोरांविरुद्ध लढला, जखमीही झाला. आतून मात्र तयारी चालू होती. वाड्याच्या छतासाठी म्हणून इंग्लंडहून शिसं मागवलं आणि त्याच्या बंदुकीच्या गोळ्या पाडल्या, असं सांगतात. मे १५९५ मध्ये क्लॉन्टिब्रेटला त्यानं बॅगनलच्या फौजेला गाठून झोडपलं आणि पडदा संपला.

जूनमध्ये सरकारी जाहीरनामा निघाला, टायरोनचा अर्ल गद्दार आहे.

आज असा कागद म्हणजे आपल्याला निषेधाचं पत्रक वाटेल. तेव्हा तसं नव्हतं. जाहीरनामा बाजारात, चौकात वाचून दाखवला जायचा, लावला जायचा. गद्दार ठरलेल्या माणसाला मदत करणं, निवारा देणं हा गुन्हा. त्याला मारणं हा मात्र गुन्हा नाही. फौज पोचत नव्हती तिथं सरकार दवंडी पोचवायचं. शिवाय शरण याल तर माफी, हे गाजरही अशाच कागदांतून दाखवलं जायचं. म्हणजे त्याच्याच माणसांनी त्याला सोडावं.

ह्यूनं उत्तर आपल्या पद्धतीनं दिलं. ओनील ही घराण्याच्या प्रमुखाची जुनी पदवी इंग्रजांनी १५६९ मध्ये कायदा करून रद्द केली होती. १५९५ मध्येच त्यानं टलाहोगच्या पिढीजात दगडी आसनावर बसून ती धारण केली. राणीचा अर्ल गेला, आता तो ओनील.

ऑगस्ट १५९८ मध्ये यलो फोर्डची लढाई झाली. बॅगनल चारेक हजारांची फौज घेऊन निघाला होता. तो स्वतः मारला गेला, फौजेची दाणादाण उडाली. आयर्लंडमध्ये इंग्रजांचा एवढा मोठा पराभव आधी झाला नव्हता. बंड दक्षिणेत पसरलं, तिथं जमिनी घेऊन बसलेले इंग्रज पळाले. त्यांत कवी एडमंड स्पेन्सरही होता.

राणीनं १५९९ मध्ये आपला लाडका एसेक्सचा अर्ल सोळा हजारांवर सैन्य देऊन पाठवला. त्यानं लढण्याऐवजी नदीच्या उताराशी ह्यूला एकट्यानं गाठून तह केला. ह्यू पाण्यात घोड्यावर, एसेक्स काठावर. दोघांत काय ठरलं याचा साक्षीदार नाही. राणी भडकली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ह्यूनं स्वतःच जाहीरनामा काढला! पेलमधल्या, इंग्रजी वंशाच्या पण कॅथलिक असलेल्या लोकांना त्यानं आवाहन केलं की धर्मासाठी आणि देशासाठी माझ्याकडं या. सोबत बावीस मागण्या. कॅथलिक धर्माला मोकळीक, मोठी पदं आयरिश लोकांना, वगैरे. राणीचा मंत्री सेसिलनं कागदावर शेरा मारून ही स्वप्ननगरी असल्याची थट्टा केली. पेलचे लोकही बहुतेक आले नाहीत. माझ्या मते ह्यू खरा हरला तो इथं. धर्म एक असला तरी त्यांच्या जमिनी राजाच्या कागदावर उभ्या होत्या.

पुढचं भराभर घडलं. नवा सेनापती माउंटजॉय आला. त्यानं ठिकठिकाणी ठाणी बसवली, उभी पिकं जाळली, उपासमार आणली. डोक्यावर इनाम लागलं ते याच काळात. १६०१ मध्ये मदतीला स्पॅनिश फौज उतरली, पण पार दक्षिण टोकाला किन्सेलला. ऐन हिवाळ्यात सगळा देश ओलांडून ह्यू तिथं गेला आणि जुन्या इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे नाताळच्या आदल्या दिवशी हरला. टलाहोगचं ते दगडी आसन माउंटजॉयनं १६०२ मध्ये फोडून टाकलं. इनाम घ्यायला मात्र कुणी पुढं आलं नाही.

३० मार्च १६०३ रोजी मेलिफॉन्टला ह्यू गुडघ्यावर बसून राणीला शरण आला. राणी सहा दिवसांपूर्वीच वारली होती. माउंटजॉयला ते माहीत होतं, ह्यूला नव्हतं. कळल्यावर तो रडला. अर्लपद आणि जमीन मात्र परत मिळाली. नव्या राजाला, जेम्सला भेटायला तो इंग्लंडला गेला तेव्हा युद्धात घरची माणसं गमावलेल्या लोकांनी त्याच्यावर चिखल-दगड फेकले. म्हणून जूनमध्ये राजानं वेगळा जाहीरनामा काढला की टायरोनच्या अर्लचा कुणी अपमान करू नये. आठ वर्षांपूर्वी ज्याला मारायला मोकळीक होती, त्याला आता शिवी देणंही मना.

१६०५ मध्ये आणखी एक जाहीरनामा निघाला. त्यानुसार आयर्लंडमधली सगळी कुळं थेट राजाची स्वतंत्र प्रजा, कुणा सरदाराची नाहीत. ऐकायला छानच, आणि कुळांना त्यात थोडा दिलासा होताही. पण ज्या माणसांच्या जोरावर ह्यू ओनील होता, ती माणसंच त्याच्या हातून काढली गेली. मग वकील आले, जमिनीचे जुने दावे उकरले गेले. १६०७ मध्ये त्याला लंडनला बोलावणं आलं. गेलो तर परत येणार नाही, असं त्याला वाटलं असावं.

सप्टेंबरमध्ये रथमलनच्या किनाऱ्यावरून एक जहाज सुटलं. त्यात टायरकॉनेलचा अर्ल आणि ह्यू, बायका-पोरांसह शंभरेक माणसं. घाईत ह्यूचा लहानगा मुलगा कॉन सापडलाच नाही, तो मागं राहिला. इंग्रजांनी त्याला पकडून ईटनच्या शाळेत घातलं आणि पुढं टॉवर ऑफ लंडनमध्ये डांबलं.

नोव्हेंबरमध्ये जेम्सचा जाहीरनामा आला. हे दोघे धर्मासाठी पळालेले नाहीत, यांचा मोठेपणा रक्तातून आलेला नव्हता, तो आम्हीच दिलेला होता, असा त्याचा सूर. शेननं काढलेला कुळाचा वाद अर्ध्या शतकानं राजाच्या कामी आला.

त्यांच्या जमिनी जप्त झाल्या. अल्स्टरच्या सहा परगण्यांत इंग्रज आणि स्कॉटिश प्रोटेस्टंट वसवले गेले. त्यातले चार परगणे आज उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनकडं आहेत.

ह्यू रोमला पोचला. पोपनं आसरा दिला, स्पेननं तनखा दिला, पण फौज कुणीच दिली नाही. परत जायची आशा त्यानं शेवटपर्यंत सोडली नव्हती. २० जुलै १६१६ रोजी तो रोममध्येच वारला. तिथल्या सान पिएत्रो इन मोंतोरियो चर्चमध्ये त्याला पुरलं आहे.