संत फिलिप नेरी यांचें वार्धक्य

संत फिलिप नेरी म्हटले म्हणजे अर्धीच दाढी करून रोमच्या रस्त्यांतून हिंडणारे विनोदी साधू, एवढेंच चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. प्रस्तुत लेखांत त्यांच्या उतारवयाचा विचार करावयाचा आहे. ज्या वृद्ध धर्मगुरूंस आपलें घर व आपला अधिकार हीं दोन्ही सोडावीं लागलीं, त्यांचे दिवस कसे गेले, हें आपल्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस तरी खास जवळचें वाटेल.

फ्लॉरेन्स शहरीं इ. स. १५१५ मध्यें जन्मलेले फिलिप तरुणपणींच रोमला आले. १५२७ च्या लुटीनें तें नगर विस्कटून गेलें होतें. १५५१ मध्यें त्यांस गुरुदीक्षा मिळाली व सान जिरोलामो देवालयाच्या आवारांत ते राहूं लागले. येशूसंघीय मिशनऱ्यांचीं पूर्वेकडून आलेलीं पत्रें वाचून आपणही हिंदुस्थानांत जावें, असा ध्यास त्यांस लागला होता. परंतु एका सिस्टर्सियन संन्याशानें त्यांचें हिंदुस्थान रोममध्येंच आहे असें सांगितलें, व त्यांनीं तें मानलें.

१५७५ मध्यें पोप तेरावे ग्रेगरी यांनीं त्यांच्या ओरेटरी संघास मान्यता देऊन वाल्लीचेल्लाचें देवालय दिलें. मंडळी तिकडे राहावयास गेली. फिलिप मात्र जागचे हालेनात. अखेर १५८३ मध्यें पोपमहाशयांचीच आज्ञा झाली, तेव्हां त्यांचा नाइलाज झाला. निघतांना त्यांनीं स्वयंपाकाचीं भांडीं शिष्यांच्या हातीं देऊन भर रस्त्यानें मिरवणूक काढली व लोकांचें हंसें ओढवून घेतलें. दुःख झांकण्याची ही त्यांची रीत असावी, असें आम्हांस वाटतें. त्यांचें मांजर जुन्या घरींच राहिलें. शिष्यांपैकीं कोणी तेथें जाऊन त्यास खाऊं घालीत असे.

इकडे रोमचें रूप पालटत होतें. पोप पांचवे सिक्स्टस यांच्या कारकीर्दींत (१५८५–९०) लांब सरळ रस्ते आंखले गेले, टेकड्यांवर पाणी आलें, १५८६ मध्यें संत पेत्राच्या चौकांत मिसरी शिलास्तंभ उभा राहिला, व १५९० मध्यें तेथील महामंदिराचा घुमट पुरा झाला.

१५९३ मध्यें फिलिप यांनीं संघाचें प्रमुखपद सोडलें व तें बारोनियस यांजकडे गेलें. हे बारोनियस ख्रिस्तसभेचे मोठे इतिहासकार. पण संघाच्या स्वयंपाकघरांतही त्यांनीं वर्षानुवर्षें हात काळे केले होते! फिलिप यांस कार्डिनलपद देऊं केलें असतां त्यांनीं तें थट्टेवारी नेलें. खोलीजवळच्या लहानशा प्रार्थनागृहांत ते एकांतीं मिस्साबलि अर्पीत. कम्युनियनच्या आधीं सेवक दिवा मालवून बाहेर जाई, दाराशीं पाटी लावी, व सुमारें दोन तासांनीं परत येई. उरलेला वेळ लोकांचा. कार्डिनल येत, कारागीर येत. पापनिवेदन ऐकण्यास नकार कोणासच नसे. आजारपणांत वैद्यांनीं बोलण्याची मनाई केली तरी दार उघडेंच राही. संध्याकाळीं उंच जागीं जाऊन आकाश पाहावें, हीच काय ती त्यांची चैन.

मरणापूर्वीं त्यांनीं आपले कागद जाळविले. १५९५ च्या २५ मे रोजीं ख्रिस्तशरीराचा सण होता. त्या दिवशीं त्यांनीं मिस्सा केली, पापनिवेदनें ऐकलीं, भेटीस आलेल्यांशीं बोलले, व नेहमींप्रमाणें निजावयास गेले. मध्यरात्रीनंतर मंडळी त्यांच्या बिछान्याभोंवतीं जमली. बारोनियस यांनीं आशीर्वाद मागितला. बोलवेना, म्हणून फिलिप यांनीं हात किंचित् वर उचलला, आणि त्याच रात्रीं त्यांचा प्राण गेला.